घोंगडीची गाठ

समुद्रातून वाचवणाऱ्या सगळ्यांचे उपकार रखमाजी मानत असे. देवानं धाडलेल्या फळीचे, शेंडी धरून वर ओढणाऱ्या मचव्यातल्या कोळ्यांचे, किनाऱ्यावर ऊन पेज पाजणाऱ्या म्हातारीचे. बोट बुडाल्याच्या दिवशी दर वर्षी आपल्या गावच्या, हिर्डोशीच्या देवळात तो तिघांच्या नावानं नारळ फोडी. शिव्या मात्र एकाच बाईला. मुंबईला भावाला भेटून तो बाणकोटच्या बोटीनं परतत होता. वादळात बोट कलली, माणसं देवाचा धावा करू लागली, आणि त्या गोंधळात एका कोळणीनं त्याच्या गळ्याला कोयता लावून नवीकोरी घोंगडी हिसकली! गळ्यावरचा वण हा त्याचा पुरावा. अकरा वर्षं झाली, तरी राग कालचा असावा तसा ताजा होता.

गावच्या शाळेतले नारायण मास्तर भोरचे. चौथीच्या पोरांना त्या बोटीची हकिकत शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. पुस्तकात तसा धडा नव्हता, पण त्यांच्यापाशी बुडण्यातून वाचलेल्या माणसांच्या जबान्या छापलेलं जुनं कात्रण होतं. "बोट एकच, पण प्रत्येकाला निराळी दिसली," असं म्हणून त्यांनी एकेक माणूस एकेका पोराला वाटून दिला, आणि खरा उतारू म्हणून रखमाजीला बोलावणं धाडलं.

रखमाजी धुतलेलं मुंडासं बांधून आला. मास्तरांचा चष्मा नाकावर चढवून गेनू वकील झाला होता. वरच्या मजल्यावरच्या या वकिलाला वाटलं, खालच्या गर्दीनंच बोट कलली. मग खलाशी झालेला भिमा उठला. त्याचं म्हणणं, पावसाची झड एका अंगानं आली नि वरचे-खालचे सगळेच कोरड्या बाजूला धावले. रखमाजीची पाळी आली, तेव्हा त्यानं सगळं रंगवून सांगितलं आणि मान वर करून वण दाखवला.

"ह्ये बगा! मरनाच्या दारात बी लुटलं मला तिनं!"

पोरं हळहळली. शेवटी ठकू कागद घेऊन उठली.

"मी सगुणाबाई, बाणकोटची कोळीण," ती वाचू लागली. "माझ्याशेजारी घाटावरचा एक माणूस होता. घोंगडी डोक्यावरून घेऊन गळ्याशी गच्च गाठ मारलेली. भिजून ती दगडासारखी जड झालेली. तसाच पाण्यात पडला असता तर तळाला गेला असता. गाठ सुटेना, तोही सोडू देईना. म्हणून मासे कापायच्या कोयत्यानं कापली. घाईत मान चिरली त्याची. मला पोहता येतं, म्हणून हाताशी आलेली फळी त्याच्याकडे ढकलली. तो वाचला का गेला, कुणी सांगत नाही."

रखमाजीचा हात आपसूक गळ्याकडे गेला. भिजलेल्या घोंगडीचं वजन काय त्याला ठाऊक नव्हतं? पावसाळ्यात खाचरातून आल्यावर ती पिळायला त्याला नि बायकोला, साळूबाईला, दोघांनाही जोर लावावा लागे. अकरा वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं, याची त्याला भारी लाज वाटली.

"मास्तर," तो म्हणाला, "ती बाई आजून इचारत आसंल का वो?"

"मला कसं कळणार, रखमाजी?"

"मंग मलाच गेलं पायजे."

घरी साळूबाई हबकलीच. "भाटघरच्या धरनाच्या पान्याकडं बगत न्हाई तुमी, आन् खाडीतनं जानार?"

"बगाया डोळं ऱ्हायलं, त्ये तिच्यामुळंच."

दोन पायली तांदूळ आणि एक नवी घोंगडी घेऊन तो वरंधा घाट उतरला. महाडच्या पुढं होडीत बसला तो जीव मुठीत धरूनच. घोंगडी अंगावर घेतली नाही. घडी मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसला.

बाणकोटला विचारत विचारत गेला, तेव्हा सगुणाबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. केस पांढरे झालेले. रखमाजीनं नुसती मान वर केली. म्हातारीनं लुगड्याला हात पुसले, जवळ येऊन वणावरून बोट फिरवलं आणि मटकन खालीच बसली.

"जगलास रे बाबा!"

रखमाजीनं घोंगडी तिच्या खांद्यावर घातली, पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला.

"आई, म्या तुला अकरा वर्सं शिव्या दिल्या."

सगुणाबाईनं डोळे पुसले.

"शिव्या द्यायला जिता तर होतास ना," ती म्हणाली.