पेडलवरचं रक्त

"पंख हातानं उचलायचा न्हाय, रुद्रम्मा! स्टिक पुढं, अन् पाय. उजवा पाय द्या!"

विमान शिकवणाऱ्या जैनोद्दीन साहेबांचा हा आवाज अजून कानात आहे. वेग संपला की विमान थरथरतं आणि एक पंख टाकून देतं. त्याला ते स्टॉल म्हणत. हातातली स्टिक पुढं ढकलून, पडलेल्या पंखाच्या उलट बाजूचं रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं पेडल दाबलं, की ते सावरतं. पायाला मशीन कळावं म्हणून साहेब आम्हाला अनवाणी बसवत.

विमान आमच्या सहकारी साखर कारखान्याचं, उसावर औषध फवारायला घेतलेलं. बहात्तरच्या दुष्काळात फवारायला ऊसच उरला नव्हता. तरी वैमानिक सभासदाच्याच घरचा हवा, असा ठराव होता. जागा एक, शिकणारे दोघं : चेअरमन आबारावांचा पुतण्या आणि नळदुर्गच्या रेवणप्पांची मुलगी, म्हणजे मी.

खंडेनवमीला आबारावांनी विमानापुढं बोकड कापला. इंजिनाला रक्ताचा टिळा, चाकांना टिळा. "पायाखालच्या पेडलांना बी लावा रे, तीबी राबत्यातच की!" आम्ही लिंगायत, रक्तामांसाला न शिवणारे; गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. मला ते बघवेना. मान फिरवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पेडलवर माशा बसल्या होत्या. वाळलेलं रक्त तळपायाच्या घामानं पुन्हा चिकट झालं. तीन हजार फुटांवर साहेबांनी नाक वर धरायला लावलं. वेग मेला, डावा पंख पडला. मी उजवं पेडल दाबलं आणि बोटांच्या बेचक्यात बोकडाचे केस लागले. पाय आपोआप वर आला. विमान गरगरत खाली निघालं. साहेबांनी मागच्या सीटवरून सावरलं, तेव्हा खालच्या बाभळी मोजता आल्या असत्या.

उतरले आणि ओकले. पित्तच, दुसरं काय.

"बघा मास्तर, पोरीनं पायच उचलला!" आबाराव पान चघळत म्हणाले. "हिला पोळपाटाम्होरं बसवा. इमानात आमचा पुतण्या हाय की." तांबडी पिचकारी माझ्या पावलाशेजारी पडली.

ते गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "उद्या सकाळी एकदाच बसवतो. मग माझ्या हातात काही न्हाय. पाय काढनार न्हाय, जबान द्या."

"दिली," मी म्हणाले.

सकाळी पूजा झाली. तांब्यात अर्धं पाणी उरलं. त्यानं पेडल धुवायचं ठरवून निघाले. वाटेत टँकरपाशी बायका रांगेत ताटकळत होत्या आणि टँकरला नळी लावून आबारावांची जीप धुतली जात होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुतळाकाकू रिकामी घागर घेऊन उभ्या.

"तांब्या घिऊन कुठं गं?"

"पेडल धुवायचंय, काकू. रक्त लागलंय."

"धू की. सहकारी रगत हाय ते, समद्या सभासदांच्या वाट्याचं!"

बायका खिदळल्या. काकूही हसल्या, पण त्यांची नजर तांब्यावरून हलली नाही. मला त्या पेडलाइतकीच माझ्या सोवळ्याची किळस आली.

तांब्या त्यांच्या घागरीत पालथा केला. पदर खोचला, चपला तिथंच काढल्या आणि विमानाकडं चालू लागले.