मागितलं त्याच्या जवळचं

नरपडच्या वाडीत त्या सकाळी सगळे चिकू चपटे निघाले.

झाडावर नव्हे. झाडावर गोल, टोपलीत गोल. पट्ट्यावरून कॅमेऱ्याखाली गेले की हर्षदाच्या पडद्यावर कुणीतरी वर बसून उठल्यासारखे दिसत, आणि तिचं ॲप एकेकाला दुसऱ्या प्रतीत ढकलून देई.

"ताई, तुमच्या मशिनीत चिकूचा बटाटा होतोय," फळं निवडायला बसलेली चिमी म्हणाली. "भाव पण बटाट्याचाच येईल मग."

जुना कॅमेरा पावसाळ्यात गेला होता. नवा कालच बसवला. ॲप हर्षदानं लिहिलेलं. पण ॲपला कॅमेऱ्याशी थेट बोलता येत नाही. सोयरिकीत मधला माणूस लागतो तसा इथे ड्रायव्हर लागतो. तो मिथुननं लिहिलेला.

मिथुन उधवा गावचा. दोन वर्षं याच शेडमध्ये दोघं शेजारी शेजारी बसून

(हे वाक्य हर्षदा मनातही पुरं करत नसे.)

वडील, उमेशभाई, दारातून डोकावले. "हर्षू, टेम्पो यायचाय. तो जुना ड्रायव्हर काढून टाक ना. कॅमेऱ्यासोबत आलाय तो घाल."

"दुपारपर्यंत बघते, बाबा."

"किती दिवस बघणार?"

ते कॅमेऱ्याबद्दल विचारत नव्हते. ड्रायव्हर काढणं अवघड नव्हतं. पण मिथुन गेल्यापासून वर्षभरात त्याचा फोन नाही, निरोप नाही; ती रोज काही विचारी आणि त्यानं लिहिलेला ड्रायव्हर उत्तर देई, एवढंच उरलं होतं. ते तिला हवं होतं.

चित्र सुरू होण्याआधी ॲप आणि ड्रायव्हर काय बोलतात, ते तिनं पडद्यावर उमटवून घेतलं.

ॲप: रुंद चित्र दे. सोळाला नऊ.
ड्रायव्हर: चाराला तीन आहे. घे.
ॲप: बरं.

बरं? तिनं पुन्हा वाचलं. ड्रायव्हर नाही म्हणालाच नव्हता. मागितलेलं जमत नसेल, तर त्याच्या जवळचं जे जमेल ते तो पुढे ठेवतो. काय ठेवलं तेही सांगतो. बघायचं काम मागणाऱ्याचं. तिच्या ॲपनं न बघताच बरं म्हटलं, आणि हातात आलेलं चित्र ओढूनताणून रुंद करत बसलं. चिकूचा काय दोष.

हर्षदा: इथेच राहायला ये. कायमचा.
मिथुन: आठवड्यातले चार दिवस येतो. आई एकटी आहे. नागलीचं रान आहे.
हर्षदा:

वर्षापूर्वी, त्या दिवशी ती काही बोललीच नव्हती. घरात मात्र सांगितलं, तो नाही म्हणाला.

ॲपची सुरुवातच तिनं बदलली. आधी मागायचं नाही. आधी विचारायचं.

ॲप: तुझ्याकडे काय काय आहे?

ड्रायव्हरनं एकेक माप सांगितलं, याच नव्या कॅमेऱ्याचं. हर्षदाचे हात थांबले. मिथुन होता तेव्हा हा कॅमेरा वाडीत नव्हताच. "पुढे हा घेऊ," असं ती एकदा चहा पिताना म्हणाली होती, तेवढंच. त्यानं ड्रायव्हरमध्ये या कॅमेऱ्याची सोय करून ठेवली होती आणि मग तो गेला होता.

सांगितलेल्या मापांतलं एक तिनं घेतलं. चिकू गोल झाले.

"आता कसं," चिमी म्हणाली. ती मिथुनच्याच गावची, कामापुरती इकडे राहणारी. "सोमीकाकूचा मिथुन असता तर सकाळीच झालं असतं."

"तू फळं बघ."

"फळंच बघते. तुम्ही फोन बघा."

हर्षदा शेडबाहेर गेली. नंबर लावला.

"हां," मिथुन म्हणाला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"नवा कॅमेरा लावला. तुझा ड्रायव्हर आहे अजून."

"चालतोय?"

"तो चालतच होता. मला विचारता येत नव्हतं."

ती चालत चालत एका चिकूच्या झाडाखाली आली.

"मिथुन, मी काही मागत नाहीये. तुला काय जमेल ते सांग."

"चार दिवस आता नाही जमणार. आईला कमी दिसतं."

"नाही ते नको सांगू. जमेल ते."

तो हलक्या आवाजात वार मोजू लागला.

"आठवड्यातला गुरुवार," तो म्हणाला.

तिच्या ओठांवर शुक्रवार आला. त्याच्यामागे शनिवार, मागे अख्खा आठवडा रांग लावून. तिनं सगळे गिळले.

"रात्री राहशील?"

"नाही. संध्याकाळी निघावं लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि या वेळी काय मिळालंय ते नीट बघून म्हणाली. कमी होतं. फारच कमी होतं. "ये."

फोन तिनं कानाला तसाच धरून ठेवला, तो ठेवेपर्यंत. तोही ठेवत नव्हता.