भिंतीवर टांगलेली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी रिंग आहे. बुडणाऱ्या माणसाला तरंगत ठेवणं हे माझं काम, आणि मला पाण्याची फार भीती वाटते. हसू नका. या भीतीचं कारण माझ्या घडणीतच आहे.

माझं कवच प्लास्टिकचं आहे. आत फोम आहे आणि त्यात हवेचे असंख्य बंद कप्पे आहेत. हे कप्पे शाबूत आहेत तोवर मी तरंगते. पण उन्हातले अतिनील किरण प्लास्टिक ठिसूळ करतात. मग त्याला तडा जातो आणि पाणी आत झिरपू लागतं. आत किती पाणी गेलं ते बाहेरून दिसत नाही. मी अजून माणसाचा भार पेलेन का, हे पाण्यात पडल्याशिवाय मलाही कळत नाही.

कारखान्यातून मी समुद्रकाठच्या कोर्लईला पास्कल तांडेलाच्या होडीवर आले. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. मासेमारीचा हंगाम सुरू होताना तिथल्या चर्चचे फादर होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. चार थेंब माझ्यावरही पडले. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. पुढे मात्र माझ्यावर बसून कोळंबी निवडली जाऊ लागली. मी उन्हात तापत होते आणि रोज घाबरत होते.

एका सकाळी जाळं फाटलं म्हणून पास्कलने विनेश खलाशाला आईवरून शिव्या घातल्या. त्याच दुपारी कोर्लई किल्ल्याच्या टोकाशी लाट आली आणि पास्कल होडीबाहेर फेकला गेला. त्याचा पाय जाळ्यात अडकला होता. विनेशने क्षणभरही विचार केला नाही. त्याने मला उचललं आणि फेकलं.

पास्कलची बोटं माझ्यात रुतली. माझं कवच करकरलं. आता मी फुटणार आणि हा माणूस माझ्यासकट खाली जाणार, असं मला वाटलं. पण विनेशने मला बांधलेला दोर ओढला आणि आम्ही दोघं वर आलो.

"विनेश, तुला मी काय काय बोललो रे!" पास्कल रडत होता.

"ते मागनं बघू, तांडेल. आधी उलटी करा. अर्धा दर्या पिऊन बसलाव."

त्यानंतर पास्कलने मला घरी नेलं. क्रुसाशेजारी टांगलं, झेंडूचा हार घातला, समोर मेणबत्ती लावली. तो रोज गुडघे टेकून आभार मानायचा. पाण्यात मात्र घोट्यापर्यंतही उतरत नव्हता. होडी विनेश नेत होता, माझ्याशिवाय. पहाटे तिच्या इंजिनाचा आवाज दूर गेला की भिंतीवर माझा जीव कासावीस व्हायचा. आज कुणी पडलं तर त्याच्याकडे काय फेकणार?

एक दिवस घरी फादर प्रार्थनेला आले असताना विनेश दारात उभा राहिला.

"तांडेल, रिंग द्या. वारा फिरलाय."

"ती आता देवाची हाय. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतोय न्हवं?"

"करा की. पण रिंग देवाची आन् दर्या माझा, ही वाटणी कुणी केली?"

मग फादरांनी हळूच विचारलं, "पास्कल, त्या दिवशी विनेशने ही टाकली ती तुझं कोणतं चांगलं काम बघून?"

"कुठलं न्हाय, फादर. मी तर शिव्याच घातल्या व्हत्या."

"कृपा तशीच असते. ती कमावता येत नाही. मग हा हार कशाला?"

"उपकार मानायला."

"भिंतीचे उपकार मानतोय हा!" पास्कलची बायको फिलोमिना म्हणाली. "वाचवणारा दारात रिकाम्या हाताने उभा हाय."

"वाचलास ते फुकटात," फादर म्हणाले. "आता वाचलेल्या माणसासारखं जग, एवढंच उरलंय."

पास्कलने हार काढला. तेव्हा त्याला हाराखाली लपलेला माझा तडा दिसला.

"ही बुडाली तर?"

"बघायला पायजे," विनेश म्हणाला आणि हात पुढे केला.

"तू न्हाय. मीच बघतो."

तो मला घेऊन खाडीवर गेला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला. आम्ही दोघंही थरथरत होतो. त्याने मला छातीशी धरलं, डोळे मिटले आणि पाय उचलले. मी एका बाजूला कलले. तड्यातून थंड पाणी आत शिरलं. त्याची हनुवटी बुडाली, ओठांना पाणी लागलं, आणि तिथे आम्ही थांबलो. तरंगत होतो, पण जेमतेम.

"धरते," पास्कल धापा टाकत म्हणाला. "पण तडा भरायचा, दोर बदलायचा. तोवर होडी जायची न्हाय."

होडी त्या दिवशी किनाऱ्यालाच राहिली. तडा भरल्यावर मी परत होडीवर आले आणि माझ्याबरोबर पास्कलही आला. मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. म्हणून माझी एकच विनंती आहे. ज्याने तुम्हाला वाचवलं, ते पुजून ठेवू नका. ते नीट ठेवा आणि दुसऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवा.

होडी खाडीबाहेर पडली तेव्हा पास्कलने मला विनेशच्या बाजूला बांधलं.

"मी परत पडलो तर?"

"टाकीन."

"आन् सकाळी शिव्या घातल्या असल्या तर?"

"तरी टाकीन, तांडेल. पण घालू नका."