माळावरची मासळी

“तोम! ये, तोम!” बाजेवरून बिरूनं हाक घातली, तशी तांबडी मेंढी चरायची थांबली आणि तुरूतुरू त्याच्याकडं आली. मागोमाग मुक आली, कुआ आली. बिरूनं ऐटीत पोराकडं पाहिलं.

तोम म्हणजे कोळंबी. भूमच्या माळावर कोळंबी कुणाच्या बापानं पाहिली होती? पण बिरूचा सुरज व्हिएतनामात एका खानावळीत कामाला होता. रोज पहाटे बंदरावर जाऊन तिथल्याच बोलीत घासाघीस करून मासळी आणायचा. इकडं बापाच्या अंगावरून वारं गेलं, एक पाय लुळा पडला, आणि पोरगा सगळं टाकून मेंढरांमागं आला. आल्यावर जन्मलेल्या कोकरांना त्यानं मासळीचीच नावं ठेवली. मुक म्हणजे शाई सोडणारा मासा, कुआ म्हणजे खेकडा. बिरूला आधी हसू यायचं. मग एकदा त्यानं पोराला ती नावं एकटंच पुटपुटताना ऐकलं आणि त्याचं हसू जिरलं.

परवा तिकडच्या मालकाचा फोन आला होता. लगेच निघ, नाहीतर दुसरा माणूस घेतो म्हणाला. बिरूची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. मेंढरं आपलं ऐकू लागली की पोरगं सुटेल, या आशेनं दोन दिवस तो सुरजच्या माघारी नावं घोकत बसला. जीभ वळत नव्हती, तरी त्यानं पिच्छा सोडला नाही.

“बघितलंस न्हवं? आता म्या सांभाळतो. तू जा,” तो म्हणाला.

तेवढ्यात चार मेंढरं बांध ओलांडून शेजारच्या तुरीत घुसली. बिरूनं एकेकीला नावानं हाका मारल्या. तुरीपुढं हाकेला कोण विचारतो? तो उठायला गेला आणि बाजेवरच कलंडला. सुरज धावत गेला, मेंढरं हुसकून आला.

मग त्यानं मालकाला फोन लावला आणि तिकडच्या बोलीत बोलू लागला. बिरू कान देऊन ऐकत राहिला. त्याला येणाऱ्या नावांपैकी एकही त्या बोलण्यात आलं नाही.

“काय म्हणलास?”

“न्हाय म्हणलो. चला आप्पा, ऊन लई झालंय.”

सुरजनं खांदा पुढं केला. बिरूनं त्यावर हात टेकला. होईल तेवढा हलका ठेवायचा म्हणून तो धडपडला, पण पाऊल उचलायचं तर सगळा भार टाकावाच लागत होता.