मागचं डावं चाक

गाडी पेट्रोल पीत होती. पूर्वी टाकी भरली की आठवडा निवांत जायचा; आता आठवडा अर्धा सरत नाही तोच काटा खाली. सकाळी सून गाडी घेऊन लॅबमध्ये जायची, तिथे लोकांचं रक्त तपासायची आणि दुपारी परतायची. संध्याकाळी सासरे, म्हणजे अप्पा, त्याच गाडीतून नातीला पोहायला न्यायचे. गाडी चालवणारी माणसं दोनच. आपण कुठे जातो ते सुनेला पक्कं ठाऊक होतं. राहिले अप्पा.

"अप्पा, काल कुठे लांब गेला होतात का?" तिने एकदा सहज विचारलं.

"नाही गं. तलावावर गेलो, आलो."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. दर वेळी आवाज आधीपेक्षा मऊ. सुई टोचण्याआधी ती पेशंटशी बोलायची तसा. "नात पाण्यात असते तेवढ्यात एखादी चक्कर मारून येत असाल, नाही का? आठवून बघा ना." अप्पा खरंच आठवून बघायचे. कपाळाला आठ्या घालून, खिडकीबाहेर नजर लावून. मग म्हणायचे, "नसेन गेलो बहुतेक."

ते 'बहुतेक' तिच्या मनात घर करून बसलं.

नवरा कामानिमित्त परगावी असायचा. फोनवर तो म्हणाला, "अप्पा खोटं बोलणारे नाहीत." ती म्हणाली, "खोटं कुठे म्हणतेय मी? विसरत असतील." आणि हे वाक्य बोलता बोलता तिला स्वतःलाच पटून गेलं.

मध्यंतरी अप्पा म्हणाले होते, "सूनबाई, गाडी हल्ली जड लागते. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी." त्यावर ती हसली होती. "गाडी कसली जड होतेय अप्पा! तुमचे गुडघे कुरकुरतायत."

शेवटी एके दिवशी तिने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "तुमची उगाच दमणूक होते, अप्पा. उद्यापासून मीच नेत जाईन तिला." अप्पा वाद घालतील, निदान रुसतील तरी, असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पायातले बूट काढून ठेवले. बघा, म्हणजे माझंच खरं, असं ती मनाशी म्हणाली.

पेट्रोल मात्र तसंच संपत राहिलं.

पहिल्यांदा तिने ट्रॅफिकला बोल लावला, मग एसीला, मग पंपवाल्याला. एका संध्याकाळी तलावाजवळ गाडी लावून दोघी उतरल्या, तेव्हा लेक नाक दाबून म्हणाली, "आई, काहीतरी जळतंय." मागच्या डाव्या चाकातून करपट वास येत होता. तिने हात जवळ नेला आणि चटकन मागे घेतला. धग लागत होती.

दुसऱ्या दिवशी ती लॅबला दांडी मारून गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक गडगडाटी आवाजाचा, कामाला वाघ. त्याने टायरमधली हवा बघितली, एअर फिल्टर काढून झटकला, मग जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हाताने फिरवलं. तीन चाकं गरगर फिरली. चौथं हलेना.

"हँडब्रेकची केबल आत गंजलीय, ताई. तुम्ही ब्रेक सोडता, पण या चाकाचा सुटतच नाही. ब्रेक दाबून गाडी पळवली तर ती पेट्रोल पिणारच की."

"कधीपासून असेल?"

त्याने चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून झिजलेले, काळे पडलेले लायनर दाखवले. "दोन-तीन महिने तरी झाले असणार. चालवणाऱ्याला कळलं नाही? गाडी जड लागते हो अशी."

नवी केबल आणि नवे लायनर बसेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. समोर चहा आला, तो तसाच गार झाला.

घरी येऊन सांगून टाकायचं, एवढंच होतं. तेही तिला जमेना. तिने किल्ली मुकाट्याने पूर्वीच्या खुंटीवर अडकवली, जणू तेवढ्यानं भागेल. अप्पा येता-जाता खुंटीकडे बघायचे आणि पुढे जायचे. किल्लीला हात लावायचे नाहीत. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडत बसलेल्या अप्पांसमोर तिने बसकण मारली आणि एका दमात सगळं सांगितलं. केबल, चाक, पेट्रोल. "तुम्ही कुठेच जात नव्हतात, अप्पा. गाडी जड आहे हे तुम्ही सांगितलं होतंत. मी हसले."

अप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे मी खरंच कुठे जात नव्हतो?"

"नाही, अप्पा."

"नक्की?"

तिने मान डोलावली. अप्पांनी खोल श्वास घेतला.

"तू इतकं विचारायचीस, मला वाटलं जात असणार. सकाळी उठून टायर बघायचो मी. कुठली माती लागलीय, काही आठवतंय का. मग बसने डॉक्टरकडे गेलो, एकटाच. त्यांनी स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काढलं नीट. ते म्हणाले, काही झालेलं नाही तुम्हाला. पण माझा विश्वास बसेना. म्हटलं, डॉक्टरांना काय माहीत, सूनबाई रोज बघते मला."

तिला रडू फुटलं. त्यांनी ओरडून बोलायला हवं होतं, म्हणजे तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तिच्याकडे शेंगांची परात सरकवली. "घे, निवड जरा."

संध्याकाळी तिने त्यांना गाडीत स्टिअरिंगपुढे बसवलं, स्वतः शेजारी बसली. हँडब्रेक सोडताच गाडी अलगद पुढे सरकली. "हलकी झाली गं!" अप्पा लहान मुलासारखे म्हणाले.

आता पुन्हा तेच नातीला नेतात. पण परत आले की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. "तलावावर गेलो, आलो. मध्ये कुठे थांबलो नाही." कुणी विचारलेलं नसतं. ती "हो, अप्पा" म्हणते आणि तोंड ओट्याकडे वळवते.