पंचफुलाच्या हातातली ढाल

मी एक ढाल बोलतेय. म्हशीच्या जाड कातड्याची, मधोमध चार पितळी फुलं जडवलेली. देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं, तेव्हा धाड गावाजवळच्या एका गढीत मी घडले. त्याआधीचं, म्हशीच्या अंगावर होते तेव्हाचं, धुक्यातल्यासारखं आठवतं. डोहातला गारवा, पाठीवर बसलेला बगळा. मग ऊन, खुंट्यांना ताणलेलं अंग आणि मला गोल आकार देणारे पुंजाजी कारागिराचे हात.

गढीचा राखणदार इंद्रभान माझा धनी झाला. पहाऱ्यावर तो माझ्यावरच डोकं टेकून डुलकी काढायचा.

बाणांशी माझी ओळख लवकर झाली. लांबून आलेला बाण दमलेला असतो. मी तिरपी असले की घसरून जातो. जवळून सुटलेला मात्र कातड्याला जुमानत नाही. आणि मी कितीही रुंद असले, तरी धरणाऱ्याचे पाय उघडेच राहतात.

एका हिवाळ्यात लुटारूंनी गढी वेढली. त्यांचे तिरंदाज समोरच्या टेकडीवर बसले. माझ्या खालच्या काठाला चुकवून एक बाण इंद्रभानच्या मांडीत रुतला. तो तापानं फणफणला. गढीतलं पाणी संपलं होतं आणि विहीर दरवाजाबाहेर, बाणांच्या टप्प्यात.

सकाळी त्याची बायको पंचफुला हिनं मला उचललं.

“काऊन चालली तू?”

“तुमाले पानी आनाले.”

त्यानं हात लांबवून माझी मूठ तिच्या हातात नीट बसवली. मग म्हणाला, “तिरपी धरजो. उभी धरू नको.”

दरवाजाशी इंद्रभानची बहीण सुभद्रा घागर घेऊन उभी होती. “वयनी, पानी शेंदाले दोन हात लागतात. मंग ढाल कोन धरन?”

दोघी निघाल्या. धुकं अजून विरलं नव्हतं. सुभद्रा विहिरीत वाकली आणि पंचफुला तिच्यावर मला धरून उभी राहिली. स्वतः अर्धी माझ्या आडोशाबाहेर. बाण येत होते, टक टक वाजत घसरत होते. तेवढ्यात एक तिरंदाज उतार उतरून पार जवळ आला.

तो बाण माझ्यातून घुसला. पाठीमागं मला ऊब लागली. ते पंचफुलाचं रक्त होतं. ती जागची हलली नाही.

“वयनी, तुह्या हाताले लागलं!”

“तू ओढ. दोर सोडू नको.”

घागर वर आली. धुक्याचा आडोसा घेत दोघी मागं सरकत आत शिरल्या. इंद्रभान घटाघटा पाणी प्यायला, मग त्याचं लक्ष तिच्या तळव्याकडे गेलं आणि तो रडला. त्यानंतर गढीतल्या बाया अशाच जोडीनं पाण्याला जाऊ लागल्या. शेवटी लुटारू कंटाळून निघून गेले.

इंद्रभान वाचला, लंगडत का होईना, पुष्कळ जगला. पंचफुलाची दोन बोटं मात्र पुन्हा कधी वळली नाहीत. पारावर लोक म्हणायचे, “काय ढाल होती!” मला ऐकवत नसे. मी तो बाण अर्धाच अडवला होता.

आता माझं कातडं तडकलंय. दोघी म्हाताऱ्या झाल्यात. थंडीत उन्हाला बसून सुभद्रा मला मांडीवर घेते आणि जवसाचं तेल चोळते. शेजारी पंचफुला आखडलेला हात पदरात लपवते, कारण गारठ्यात तो ठणकतो.

सुभद्राबाई, वाटीत तेल थोडंच आहे. माझं आता काय व्हायचं ते होऊ दे. मला खाली ठेव आणि आधी तो हात चोळ.