तारेने बांधलेला गोळा

मी एक जुना पोकळ पोलादी गोळा आहे. मोठ्या कलिंगडाएवढा, अंगावर दोन पोचे, रंग कधी होता हे मलाही आठवत नाही. सध्या भांडारातल्या खालच्या फळीवर, गंजलेल्या नटबोल्टांच्या डब्याला टेकून पडलेला असतो. येणारे-जाणारे पायाने ढोसून विचारतात, "हे काय, फुटबॉल का?" मित्रांनो, मला राग येत नाही. मी काय काम करत होतो ते मी सांगितल्याशिवाय कुणाला कसे कळणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून एका वेल्डरने जोडल्या. माणूस अबोल होता. पण मला पाण्याच्या पिंपात दाबून धरल्यावर तो खाली वाकला आणि माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "एक बुडबुडा आला तर परत फोडीन तुला." एकही आला नाही. त्याने मला फडक्याने पुसले, न्हालेल्या लेकराला कानामागेही पुसतात तितक्या निगुतीने, आणि पुढच्या प्रवासाला धाडले.

माझी नेमणूक तेलाच्या विहिरीवर झाली. ही विहीर पाण्याच्या विहिरीसारखी रुंद नसते. ते असते जमिनीत मैल-दीड मैल उतरलेले एक अरुंद भोक. उंच मनोऱ्याखाली पाइप फिरतात आणि दगड पोखरत खाली जातात. त्या पाइपांतून पंपाने सतत जड, घट्ट चिखल खाली सोडतात. तो दगडाचा चुरा घेऊन पाइपांच्या बाहेरून वर येतो, चाळणीवर गाळला जातो, टाकीत पडतो आणि पुन्हा खाली निघतो. या चिखलाचे आणखी एक काम असते. खोल दगडात कोंडलेला वायू वर यायला टपलेला असतो. चिखल आपल्या वजनाने त्याला दाबून धरतो. म्हणून जितका चिखल खाली गेला, तितकाच वर यायला हवा. जास्त येऊ लागला, तर समजायचे की खालून कुणीतरी त्याला ढकलते आहे. आणि तो वायू मोकाट वर आला, तर एक ठिणगी पुरते. मनोरा, यंत्रे, माणसे, काही उरत नाही.

मी त्या टाकीतल्या चिखलावर तरंगत असे. एका लांब दांड्याने मला टाकीच्या काठाला जोडले होते. चिखल वर चढला की मी वर, उतरला की मी खाली. माझी हालचाल विजेच्या तारेवाटे वर पाइप चालवणाऱ्या ड्रिलरच्या केबिनमधल्या काट्याला कळे आणि मी ठरलेल्या खुणेच्या वर गेलो की भोंगा वाजे. झोपलेल्या लेकराच्या छातीवर आईने हात ठेवावा, तसा मी त्या चिखलावर टेकून असायचो. श्वास नीट चालला आहे ना, एवढेच बघायचे.

ज्या पाळीची ही गोष्ट आहे, तिचा ड्रिलर म्हणजे दाजी. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच पाळीत खाली टाक्यांवर होता. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळे दाजी म्हणू लागले. आणि त्या भावाला सगळे मेव्हणा म्हणत. पाळीतल्या बारा जणांचा मिळून एकच मेव्हणा!

मेव्हणा कामाला वाघ होता, पण त्याचे आणि माझे जमत नसे. त्याने टाकीत पाणी सोडले, पावडर कालवली, बाजूच्या टाकीतून चिखल घेतला, की मी वर चढे आणि भोंगा बोंबले. वरून लगेच केबिनमधल्या दाजींचा कर्णा खेकसे, "मेव्हण्या, तुझा गोळा आवर!"

"दाजी, गोळा माझा नाही, कंपनीचा आहे!"

"म्हणूनच कारण नसताना ओरडतो!"

सगळे हसत. पण दिवसातून आठ-दहा वेळा तेच झाल्यावर हसू आटते. एके दिवशी दाजी वैतागून म्हणाले, "बांधून टाक रे त्याला पाणी सोडताना. कान किटले." मेव्हण्याने तारेचा तुकडा घेतला, माझा दांडा कठड्याला आवळला, काम झाल्यावर सोडला. सुरुवातीला तो वर ओरडून सांगायचा, "बांधला!" आणि नंतर, "सोडला!" काही आठवड्यांनी ओरडून सांगणे राहून गेले. बांधणे मात्र सुरूच राहिले.

त्या दिवशी दुपारचा चहा नुकताच झाला होता. मेव्हण्याने माझा दांडा बांधला आणि पाण्याचा नळ सोडला. नळ बंद करून तो तारेला हात घालणार, एवढ्यात चाळणीवरून कुणीतरी हाका मारू लागले. चाळणीची जाळी फाटली होती आणि दगडाचा चुरा सरळ टाकीत पडत होता. "आलो, आलो!" म्हणत तो धावला.

मी बांधलेलाच राहिलो.

पहिली काही मिनिटे काही वाटले नाही. मग माझ्या पोटाखालचा चिखल नेहमीसारखा जड लागेना. तो हलका लागत होता, दुधावर फेस यावा तसा. आणि तो चढत होता. मी उठायला बघितले. तार करकचली. चिखल माझ्या कमरेपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत. मित्रांनो, तरंगण्यासाठी जन्मलेल्याला कुणी बुडवून धरले तर काय होते, ते मला तेव्हा कळले. मी जीव तोडून वर रेटत होतो आणि वरच्या केबिनमध्ये माझा काटा जागच्या जागी स्वस्थ उभा होता.

मग चिखल माझ्या डोक्यावरून गेला.

वर दाजी खुशीत होते. कर्ण्यावरून त्यांचा आवाज आला, "आज गोळा फारच शहाण्यासारखा बसलाय. मेव्हण्या, काय समजूत घातलीस त्याची?" मेव्हणा चाळणीशी वाकलेला होता, जाळीचे बोल्ट आवळत होता. त्याने ऐकले की नाही, कोण जाणे.

टाकीपासून वीस पावलांवर पत्र्याची एक खोली होती. तिथे चिखल तपासणाऱ्या बाई बसत. दर अर्ध्या तासाने त्या पेलाभर चिखल नेत, काट्यावर तोलत आणि वहीत लिहीत. माझ्या हालचालीची रेघ त्यांच्याही खोलीत कागदाच्या गुंडाळीवर उमटत असे. एरवी ती रेघ थरथरती, वर-खाली होणारी असायची. त्या दिवशी चहानंतर ती फुटपट्टीने ओढल्यासारखी सरळ जात होती.

बाईंचा मदतनीस म्हणाला, "किती छान चाललंय बघा आज. जरासुद्धा हलत नाहीये."

बाई पेन खाली ठेवून उठल्या. "माझं पोरगं घरात इतकं गप्प असलं ना, की समजायचं, एक तर पिठाच्या डब्यात बसलंय, नाहीतर कात्री घेतलीय हातात. आधी जाऊन बघायचं, मग छान म्हणायचं."

त्या पेला घेऊन टाकीशी आल्या. वाकल्या. मी त्यांना दिसलो नाही. दिसत होता तो फक्त चिखल, काठापासून वीतभरच खाली, आणि त्यावर फुटणारे बारीक बुडबुडे. त्यांची नजर दांड्यावरून तारेवर आली.

"मेव्हणे! अहो मेव्हणे! गोळा बांधलेला आहे!"

पंपांच्या धडधडाटात हाक विरून गेली. त्यांनीच तारेला हात घातला, पण पीळ इतका घट्ट होता की बोटातून रक्त आले. तेवढ्यात मेव्हण्याने मान वर केली. बाईंना तिथे वाकलेले बघितले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाना घेऊन धावत आला आणि एका हिसक्यात तार तोडली.

मी उसळलो. दांडा वाकेल इतक्या जोरात वर आलो. भोंगा वाजला.

आणि लगेच थांबला. केबिनमधून दाजींनी बटण दाबून तो बंद केला होता. कर्णा म्हणाला, "पुन्हा पाणी सोडलंस का रे? काटा एकदम उडी मारतोय, ठोकलंस की काय गोळ्याला?"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात इतका असहाय मी कधीच नव्हतो. मी खरे बोलत होतो आणि माझ्या खऱ्याला कुणी विचारत नव्हते. आता बोलायला एकच जण उरला होता. टाक्यांवरच्या कर्ण्याशी मेव्हणा तुटलेली तार हातात घेऊन उभा होता. गोळा बांधणे म्हणजे हातची नोकरी जाणे, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. त्याच्या लग्नाला चार महिने झाले होते.

"आत्ताच चढलाय म्हणावं का?" असे तो पुटपुटला. बाईंनी ऐकले.

"आत्ताच चढला असं सांगितलंत, तर ते पाणी समजतील आणि वाट बघत बसतील," बाई म्हणाल्या. "खरं काय ते सांगा. लवकर."

मेव्हण्याने कर्णा तोंडाशी धरला. "दाजी, पाणी नाहीये. मी गोळा बांधला होता. चहापासून बांधलेला होता. हे सगळं तेव्हापासून चढलंय. वीतभर चढलंय, दाजी!"

 मग वरून आलेल्या आवाजात राग नव्हता. तो आवाज एकदम थंड होता. "सगळ्यांनी आगीची कामं बंद करा. टाक्यांपासून लांब व्हा. पंप थांबवतोय."

फिरणारे पाइप थांबले, थोडे वर उचलले गेले. पंप थांबले. त्या शांततेत चाळणीकडे सगळ्यांचे डोळे लागले. पंप थांबला की विहिरीतून चिखल येणे थांबले पाहिजे. तो थांबला नाही. कुणी ढकलत नसताना तो येतच होता, फेसाळत, चाळणीच्या काठावरून ओघळत.

विहिरीच्या तोंडाशी एक जाडजूड पोलादी जबडा बसवलेला असतो. पाइपाला सगळीकडून घट्ट आवळून तो विहिरीचे तोंड बंद करतो. दाजींनी त्याचा दांडा ओढला. खाली काहीतरी घरघरले, आवळले गेले. चिखलाची धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली.

मग दाब दाखवणारा काटा चढू लागला. केबिनच्या काचेतून दाजींचा चेहरा दिसत होता, पापणीही लवत नव्हती. खाली मेव्हणा पायऱ्यांशी उभा राहून वर बघत होता. बाई हाताची बोटे मिटून उभ्या होत्या. काटा चढला, चढला, अडखळला. आणखी जरासा चढला. आणि मग उभा राहिला.

जबड्याने विहीर धरून ठेवली होती. बारा माणसे एकदम श्वास सोडतात तेव्हा कसा आवाज येतो, तो मी त्या दिवशी ऐकला.

पुढचे दोन दिवस बाईंनी आणखी जड चिखल कालवून घेतला. तो हळूहळू खाली सोडला आणि आत शिरलेला वायू लांबच्या नळीने नेऊन जाळून टाकला. मग चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी विचारले, "गोळा कुणी बांधला?" मेव्हणा पुढे झाला. त्याच्या मागोमाग दाजीही उठले आणि म्हणाले, "साहेब, हात त्याचा होता, तोंड माझं होतं. बांध असं मीच सांगितलं, आणि बांधलाय का असं मी कधी विचारलं नाही."

कदाचित त्या दोघांनी खरे सांगितले म्हणून असेल, नोकऱ्या वाचल्या. महिनाभर मात्र दोघांना घरी बसवले. ऐकले ते असे, की दाजींच्या बायकोने सगळे ऐकून घेतले, नवऱ्याला आणि भावाला एका चटईवर बसवले आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच दिवशी गेला असतात, तर मी रडायला कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं?"  मग तिने महिनाभर दोघांकडून भांडी घासून घेतली.

ते परत आले तेव्हा माझा दांडा सरळ करून मला पुन्हा टाकीत सोडलेले होते. पहिल्याच सकाळी मेव्हण्याने टाकीत पाणी सोडले. त्याने आधी कर्ण्यावरून कळवले होते, तरी मी चढलो आणि भोंगा वाजला. पाणीच आहे, हे सगळ्या पाळीला ठाऊक होते. दाजींनी पाइप थांबवले. भोंगा तसाच वाजू दिला. दुखरा गुडघा दाबत, कठड्याला धरून ते चाळीस पायऱ्या उतरून खाली आले, टाकीवर वाकले आणि माझ्याकडे बघितले.

"पाणीच आहे, दाजी," मेव्हणा ओशाळून म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"हो, ऐकलं होतं," दाजी म्हणाले. मग ते पुन्हा चाळीस पायऱ्या चढून गेले.

त्या आठवड्यात माझा भोंगा नऊ वेळा वाजला. नऊही वेळा ते पाणीच निघाले. दाजी नऊ वेळा खाली आले आणि एकदाही रागावले नाहीत. मित्रांनो, मला कुणी हार घातला नाही, पदक दिले नाही. पण त्या नऊ खेपांएवढा मान माझ्या जातीतल्या कुठल्या गोळ्याला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

आता माझा सांधा झिजला आहे, आत पाणी शिरते, मी तरंगत नाही. माझ्या जागी न भिजता, वरूनच आवाजाने पातळी मोजणारे नवे यंत्र आले आहे. तेही ओरडते म्हणे, आणि बरेचदा उगाचच. तुमच्याही घरात, शाळेत, कामावर कुणी ना कुणी असे सारखे ओरडणारे असेल. एखादी घंटा असेल, एखादा दिवा असेल, नाहीतर एखादे माणूस असेल. कान किटले तरी त्याला बांधू नका. त्याच्यावर चिडायचे असेल तर जरूर चिडा, पण आधी उठा, खाली उतरा आणि एकदा वाकून बघून या.